वेठ गेली, विश्वास कोठे आहे?

(डहाणू येथे कामगार, शेतमजूर व कर्मचारी यांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेचा विषय वरवर पाहता साधा आहे. जेथे माणसे पोटासाठी राबतात तेथे मालक व नोकर, अधिकारी व कर्मचारी, मुकादम व मजूर यांच्यामध्ये विश्वास असावा, परस्परांविषयी आदर असावा, हे कोणाला अमान्य होईल? कारखानदारही हेच म्हणतो, ठेकेदारही हेच म्हणतो, सरकारी परिपत्रकातही हेच लिहिलेले असते. मोठमोठ्या कंपन्या तर ह्या विषयावर शिबिरे भरवितात आणि भिंतींवर सुवचने लावतात. परंतु मी वकील आहे. ज्या शब्दावर दोन्ही पक्षांचे चटकन एकमत होते, त्या शब्दाचा अर्थ आधी नक्की करून घ्यावा, ही आमच्या धंद्याची शिकवण आहे. म्हणून "विश्वास" ह्या शब्दाचा अर्थ डहाणू-तलासरीच्या ह्या भूमीवर काय होता आणि आज तो काय असला पाहिजे, एवढेच मी आपणांपुढे मांडणार आहे.

मायबापाचा विश्वास

सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी ह्याच मुलखात वारली माणूस जमीनदाराच्या आणि सावकाराच्या घरी राबत होता. जमीनदाराच्या शेतावर, जंगलाच्या ठेकेदाराकडे, अंमलदाराच्या तळावर त्याला वेठ करावी लागे. बोलावणे आले की आपले शेत टाकून जावयाचे. मजुरी विचारावयाची नाही. त्याहून भयंकर चाल लग्नगड्याची होती. लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये उचलावयाचे आणि त्या कर्जापोटी नवराबायको दोघांनी त्याच्या घरी राबत राहावयाचे. कर्ज किती फिटले आणि किती उरले हे ठरविणारा सावकारच. कित्येकांचे आयुष्य सरले, पण कर्ज सरले नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेले सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी मुलखाची पाहणी करून ह्या गुलामगिरीची सरकारदरबारी नोंद केली. नोंद झाली, परंतु वेठ थांबली नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ह्या सर्व व्यवहारात कागद नव्हता. पावती नव्हती, हजेरी नव्हती, दर ठरलेला नव्हता. आणि कागद का नाही असे विचारले, तर उत्तर तयार असे : आमचा व्यवहार विश्वासाचा आहे, आम्ही त्यांचे मायबाप आहोत. म्हणजे विश्वास हा शब्द आपल्या मुलखात नवीन आलेला नाही. तो सावकाराच्या ओटीवर पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. फरक एवढाच की, विश्वास ठेवण्याचे काम एकट्या वारल्याचे होते आणि हिशेब ठेवण्याचे काम एकट्या सावकाराचे होते.

ज्याला "नाही" म्हणण्याची सोय नाही, त्याच्या "होय" ला विश्वास म्हणता येत नाही. त्याला नाइलाज म्हणतात. विश्वास हा दोन मोकळ्या माणसांमधला संबंध आहे. एक पक्ष बांधलेला असेल तर त्या संबंधाला दुसरे कोणतेही गोड नाव द्या, तो विश्वास होणार नाही. आजही जेव्हा एखादा मालक म्हणतो की, "आपण सगळे एकाच कुटुंबातले, तुम्हांला नेमणुकीचा कागद कशाला हवा?" तेव्हा मला ती जुनी ओटी आठवते. कुटुंबाची भाषा वाईट नाही. परंतु ज्या कुटुंबात हक्क मागणारा कृतघ्न ठरतो, त्या कुटुंबात धाकट्याचे हाल ठरलेलेच असतात.

झरीचा धडा

ह्या स्थितीला पहिला मोठा तडा गेला तो १९४५ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तेथे ह्या भागातील काही वारली गेले होते. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर ह्या मुलखात आले. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. २३ मे १९४५ रोजी त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील व आजच्या तलासरी तालुक्यातील झरी ह्या गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि त्यांनी ठरविले की, ह्यापुढे वेठ करावयाची नाही, लग्नगडी म्हणून राहावयाचे नाही आणि रोख मजुरीवाचून जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबावयाचे नाही. सभेतून माणसे आपापल्या पाड्यांवर गेली, त्यांनी इतरांना निरोप दिला, आणि जी वेठ सरकारी अहवालाने हलली नव्हती ती थोड्याच दिवसांत मोडून पडली.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा संप झाला. मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. ह्या मागणीकडे वकिलाच्या नजरेने पाहा. ठरलेले वजन, ठरलेला दर, आणि दोघांनाही आधी ठाऊक असलेला हिशेब. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसांनी करार म्हणजे काय हे बरोबर ओळखले होते. ह्या एवढ्या मागणीच्या वेळी १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे प्राणास मुकले. दर ठरवून मागण्याची किंमत ह्या मुलखाने रक्ताने दिलेली आहे. म्हणून येथे कोणी हजेरीकार्डाला किंवा मजुरीच्या पावतीला क्षुल्लक कागद म्हणू नये.

बाबासाहेबांची दृष्टी

हा लढा आपल्या चळवळीला परका होता असे समजण्याचे कारण नाही. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधिमंडळात त्या पक्षातर्फे निवडून आलेल्यांत शामराव परुळेकरही होते. पुढे त्यांची वाट वेगळी झाली. परंतु मूळ प्रश्न एकच होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी औद्योगिक कलहाच्या विधेयकात संप करणे हा काही प्रसंगी गुन्हा ठरविला जात होता. तेव्हा त्यांनी विधिमंडळात दाखवून दिले की, माणसाने काम करण्याचे नाकारले म्हणून त्याला तुरुंगात घालावयाचे, तर त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला राबविणे हाच त्याचा अर्थ होतो. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्या विधेयकाच्या निषेधार्थ मुंबईत संप झाला. पुढे १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरसभासद असताना त्यांनी सरकार, मालक व मजूर यांना एका मेजाभोवती बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांना बळ दिले, आणि त्यांच्याच कारकीर्दीत कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली.

एका मेजाभोवती बसणे, ह्या शब्दांवर विचार करा. ज्या समाजाला ओटीच्या खाली उभे राहण्याची सवय लावली गेली होती, त्या समाजातून आलेला माणूस मजुराला मेजापाशी खुर्ची देत होता. त्या खुर्चीवर बसून मजूर मालकाकडे भीक मागत नव्हता, बोलणी करीत होता.

भारताच्या संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याने वेठीपोटीचे कर्ज नष्ट झाले, आणि एखादे कर्ज वेठीचे नाही हे शाबीत करण्याचा भार सावकारावर टाकला गेला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी होय. कारण चाबकाप्रमाणे भूकही सक्ती करते. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाकडून वेठ करून घेणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आपल्या भागात १९७८ पासून कष्टकरी संघटनेने आणि वसईच्या बाजूने श्रमजीवी संघटनेने हे कायदे कागदावरून पाड्यावर आणण्यासाठी झगडा केला.

भगवान बुद्धांनीही सिगालाला उपदेश करताना हा प्रश्न वगळला नाही. मालकाने सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, गोडधोड त्याच्यासह वाटून घ्यावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी, अशी पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. सेवकाची निष्ठा व मन लावून केलेले काम त्यानंतर येते. ते ह्या कर्तव्यांचे फळ म्हणून येते. आपल्याकडे मात्र फळ आधी मागितले जाते आणि झाड लावण्याची गोष्ट पुढच्या हंगामावर ढकलली जाते.

आजची ओटी

आपण म्हणाल, हे सर्व जुने झाले. लग्नगडी आज कोठे आहे? घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत; तलासरीचे तरुण सीमेपलीकडे उंबरगाव, सरीगाम, वापी येथे कामाला जातात. खरे आहे. परंतु भाताची कापणी आटोपली की ह्याच दोन तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, हेही तितकेच खरे आहे.

एका हंगामाच्या अखेरीस असेच एक जोडपे माझ्याकडे आले होते. दिवाळीच्या सुमारास उचल घेतली होती. हजार विटांमागे दर तोंडी ठरला होता. दर आठवड्याला खर्ची मिळत होती. पावसाच्या तोंडी हिशेब झाला तेव्हा मालकाच्या वहीप्रमाणे त्यांच्याकडेच देणे निघाले, आणि पुढच्या हंगामात पुन्हा यावे लागेल असे त्यांना सांगण्यात आले. त्यांच्या मुलीने मात्र शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर आठवड्या-आठवड्याच्या विटा लिहून ठेवल्या होत्या. दोन वह्यांचा मेळ बसेना. मी नोटीस पाठविली. मालक स्वतः येऊन भेटले. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. म्हणाले, "वकीलसाहेब, इतकी वर्षे सगळे विश्वासाने चालले होते. ह्या लोकांनी विश्वास मोडला." मुलीची वही मी त्यांच्यापुढे ठेवली. शेवटी देणे रद्द झाले आणि उरलेली मजुरी मिळाली. पण त्यांचे ते वाक्य मला महत्त्वाचे वाटते. तो माणूस खोटे बोलत नव्हता. एका बाजूची वही म्हणजेच विश्वास, असे त्याला मनापासून वाटत होते. आपला झगडा ह्या समजुतीशी आहे.

भीतीची किंमत

मालकवर्गातून एक आक्षेप नेहमी येतो. मजुराला फार मान दिला तर तो डोक्यावर बसतो, म्हणतात. ह्यावर माझे उत्तर असे की, भीतीने चालणारे काम स्वस्त दिसते, पण स्वस्त पडत नाही. ज्या कामगाराला ठाऊक आहे की, तोंड उघडले तर उद्यापासून येऊ नको असे ऐकावे लागेल, तो यंत्राचा बिघाड सांगत नाही. वास येत असला तरी सांगत नाही. जवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन माणसे दगावल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असेल. परंतु धोका सर्वांत आधी ज्याच्या नजरेस पडतो तो यंत्रापाशी उभा असलेला माणूस असतो. त्याचे ऐकले जाईल अशी त्याला खात्री नसेल, तर त्या कारखान्याचे डोळे मिटलेलेच आहेत.

दुसरा आक्षेप लहान मालकाचा. तो म्हणतो, माझी वाडी लहान, मला हे परवडत नाही. मी त्याला विचारतो : माणसाला त्याच्या नावाने हाक मारण्यास किती खर्च येतो? पाण्याच्या माठावर एकच पेला सर्वांसाठी ठेवण्यास? ठरल्या दिवशी मजुरी देण्यास? आपल्या वहीत जे लिहिले ते मजुराच्या कार्डावरही लिहिण्यास? ज्यांना हे परवडत नाही असे वाटते, त्यांना पैशाची अडचण नाही. आपण वरचे आहोत ही भावना सोडणे त्यांना परवडत नाही.

चार गोष्टी मागा

तर मग विश्वास कोठून सुरू होतो? माझ्या मते चार गोष्टींपासून.

पहिली, कागद. २०१९ व २०२० साली संसदेने संमत केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांपैकी काही तरतुदींवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि ते मांडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. परंतु प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देण्याची जबाबदारी मालकावर आहे, ही तरतूद आपल्या हाती आलेली आहे. ती वापरा. नेमणूकपत्र मागणे हा अविश्वास नव्हे. दोघांनाही एकच हिशेब ठाऊक असावा, ही झरीच्या सभेचीच मागणी आहे.

दुसरी, वेळेवर वेतन. महिन्याच्या पगाराची मुदत पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत आहे. नोकरी सुटली किंवा काढून टाकले, तर राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत मिळाले पाहिजे. हंगाम संपेपर्यंत हिशेब अडवून धरणे म्हणजे माणसाला अडवून धरणे होय.

तिसरी, बोलण्याची जागा. वीस किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेथे मालक व कामगार यांच्या समान प्रतिनिधींची तक्रार निवारण समिती असली पाहिजे. दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असतील तेथे स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असली पाहिजे. त्याहून लहान ठिकाणच्या भगिनींसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आपल्या कामाच्या जागी ही समिती कोण चालविते, तिच्यावर कोण आहेत, हे आपणांपैकी किती भगिनींना ठाऊक आहे? नसेल तर उद्या विचारा.

चौथी, सुनावणी. चोरीचा आळ आला, चुकीचा आरोप झाला, तर माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला काढू नये. न्यायालयात खुनाच्या आरोपीलाही बाजू मांडता येते. वाडीतल्या मजुराला का येऊ नये? ज्या ठिकाणी माणसाचे ऐकून घेतले जाते, तेथे तो शिक्षासुद्धा मान खाली न घालता सोसतो.

ह्या चार गोष्टी आज मागण्याचे एक तातडीचे कारण आहे. डहाणूजवळ वाढवण येथे मोठ्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज शहात्तर हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे. त्या वादाचा निवाडा करण्याची ही सभा नव्हे. परंतु जेथे मोठी बांधकामे येतात तेथे ठेकेदार येतात, ठेकेदारामागे मुकादम येतो आणि मुकादमाबरोबर उचल येते. कामे मिळतील असे सांगितले जाते. आपण विचारले पाहिजे : कोणत्या अटीवर? कोणाच्या सहीने? झरीच्या नातवंडांना पुन्हा तोंडी दरावर राबावयास लावणारे काम हे काम नव्हे.

आपल्या घरात पाहा

शेवटी एक कडू गोष्ट सांगतो. ती बाहेरच्यांसाठी नाही.

बाबासाहेबांच्या पुण्याईने आपणांपैकी अनेक जण शिकले, बँकेत, शाळेत, कचेरीत, रेल्वेत अधिकारी झाले. काहींनी स्वतःचे ठेके घेतले. आज आपल्या हाताखाली माणसे आहेत. आपल्या कचेरीची झाडलोट ठेकेदाराची बाई करते. बहुधा ती आपल्याच समाजाची असते, नाहीतर आदिवासी असते. तिचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? तिला गेल्या महिन्याचा पगार मिळाला की नाही हे आपण कधी विचारले आहे काय? आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईसाठी वेगळा कप ठेवलेला आहे काय? ज्याच्या आजोबांना वेगळ्या पेल्याने पाणी मिळाले, त्याच्या घरी वेगळा कप असेल तर आपण खुर्ची बदलली, ओटी मोडली नाही. आपल्या हाताखालच्या माणसाला "नाही" म्हणता येत नसेल, तर आपणही एका हाताने वही लिहिणारे मालकच झालो.

मी कोणाचे पाप मोजण्यास उभा नाही. मी एवढेच मागतो की, विश्वासाची मागणी वरच्याकडे करताना खालच्याचा विश्वास आपण मिळविला आहे की नाही, हे तपासून पाहा. जो दुसऱ्याला कागद देत नाही, त्याने स्वतःसाठी कागद मागू नये.

बंधूंनो आणि भगिनींनो, हे भाषण छापले जाईल तेव्हा जे वाचक ते घरी बसून वाचतील, त्यांनाही माझी हीच विनंती आहे. येत्या महिन्यात एक काम करा. आपण मजूर असाल तर आपली स्वतःची वही ठेवा; लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्या. आपण अधिकारी किंवा ठेकेदार असाल तर आपली वही मजुरापुढे उघडा. ज्या दिवशी ह्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवता येतील आणि दोन्हींतला आकडा एकच निघेल, त्या दिवशी डहाणू-तलासरीत विश्वास नांदू लागला असे मी म्हणेन; तोवर नाही.

जय भीम!